आधी ब्रेक, मग इंजिन

नाशिकरोडला जेल रोडवरच्या एका गॅरेजमध्ये सध्या एक काँटेसा उभी आहे. पळसे गावातल्या मळ्यात, कांद्याच्या चाळीशेजारी, ती वर्षानुवर्षं पडून होती. टायर बसलेले, वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं, टाकीत पेट्रोलचा नुसता चिकट गाळ. मालक द्राक्ष बागायतदार, गाडी त्यांच्या वडिलांची. मालक नवी बॅटरी घेऊनच आले होते. मिस्तरींनी ती बाजूला ठेवली. "सेल्फ मारायचा नाही, दादा. आत गंज धरला असेल तर रिंगा बोअर खरवडतील."

आपल्याकडे मसल कार म्हणून लोक जिचं नाव घेतात ती हीच. लांब बॉनेट, चौकोनी ठेवण, ताकद मागच्या चाकांना. मूळ आराखडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा. हिंदुस्थान मोटर्सने 1984 मध्ये ती पश्चिम बंगालच्या उत्तरपाड्यात बनवायला घेतली. सुरुवातीला एवढ्या थोरल्या गाडीला इंजिन मात्र 1489 सीसीचं, जेमतेम 50 अश्वशक्तीचं. पुढे इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा कुठे ती रुपाला शोभेल अशी पळू लागली. 2002 मध्ये उत्पादन थांबलं. ही गाडी इसुझूवाली आहे.

चारही प्लग काढून मिस्तरींनी प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल मिसळून सोडलं आणि चांगलं मुरू दिलं. मग क्रँक पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावला. हिसका अजिबात नाही, नुसता ताण द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा. ते बोल्टकडे बघतच नव्हते. नजर पंख्याच्या पात्यावर. पातं बोटभर सरकलं. "सुटलं," म्हणाले, आणि तिथंच थांबून आणखी तेल सोडलं. इंजिन हाताने पूर्ण फिरू लागल्यावरच कॉम्प्रेशन गेज लागला. चारही आकडे जवळपास सारखे आले.

तरीही इंजिन चालू केलं नाही. आधी ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, त्याने ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. रबरी होज आतल्या बाजूने फुगून बंद होतात. चालू झालेली गाडी थांबलीही पाहिजे, हा त्यांचा साधा हिशेब. टाकी उतरवून धुतली, कार्बोरेटर खोलला. पेट्रोलचे जुने पाइप सगळे काढून टाकले, कारण आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यापुढे टिकत नाही.

काही जण अशा गाडीत दुसऱ्याच गाडीचं डिझेल इंजिन बसवतात. मला ते अजिबात पटत नाही. 2021 च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी मिळते ती 50 वर्षं पूर्ण केलेल्या, मूळ ठेवण न बदललेल्या गाड्यांना. पहिल्या काँटेसा 2034 मध्ये तिथे पोचतील. तोवर त्या काँटेसाच राहायला हव्यात.

मालकांना दिवाळीपर्यंत रंग हवा आहे. मिस्तरींनी दाराखालच्या सिलवर लोहचुंबक फिरवला. एका जागी तो धरेचना. खाली लांबी भरलेली होती. तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचला, तो सरळ आत गेला. या गाडीला वेगळी चासी नाही, सगळा भार पत्र्यावरच. वेल्डरला सोमवारी बोलावलंय.