म्हणींच्या मुळाशी : डोंगर कुठून पाहायचा?

विरार स्टेशनच्या पुलावरून पूर्वेला जीवदानीचा डोंगर दिसतो. पावसाळ्यात हिरवागार, वर देवीचं देऊळ. हजारावर पायऱ्या चढायला घेतल्या की निम्म्या वाटेत गुडघे बोलू लागतात, आणि ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण कोणी समजावून सांगावी लागत नाही. संस्कृतात याच आशयाचं एक सुभाषित आहे. त्यात लांबूनच बऱ्या वाटणाऱ्या गोष्टी तीन : डोंगर, गणिकेचा नटवलेला चेहरा आणि युद्धाच्या कथा. मराठीने डोंगर तेवढा ठेवला. युद्ध गाळायला नको होतं, असं मला टीव्हीवरच्या चर्चा ऐकताना हटकून वाटतं.

चिनी भाषेत अगदी उलटी तक्रार आहे. एखाद्या गोष्टीचं किंवा माणसाचं असली रूप म्हणायचं असेल, तर तिथे ‘लु पर्वताचा खरा चेहरा’ म्हणतात. हे शब्द सु शी या कवीचे. दरबाराची खप्पा मर्जी होऊन चार वर्षं हद्दपारीत काढल्यावर, १०८४ साली तो नव्या ठिकाणी निघाला होता. वाटेत लु पर्वत हिंडला आणि तिथल्या एका बौद्ध विहाराच्या भिंतीवर चार ओळी लिहून गेला. त्याची अडचण गुडघ्यांची नव्हती. डोंगरातच उभ्या असलेल्या माणसाला डोंगर दिसणार कसा, ही होती. जीवदानीच्या पायथ्याला घर असलेल्याला हे लगेच पटेल. त्याला डोंगर दिसत नाही, पावसात मागची माती सुटतेय का ते दिसतं.

दुसरा वाक्प्रचार ‘मूर्ख म्हातारा डोंगर हलवतो’. तो ‘लिएझी’ या जुन्या ग्रंथातला. नव्वदीला टेकलेला म्हातारा दारासमोरचे ताइहांग आणि वांगवू हे दोन डोंगर खणायला घेतो. शेजारच्या विधवेचा मुलगा, अजून दुधाचे दात पडताहेत एवढासा, उड्या मारत मदतीला येतो. मला या गोष्टीत तोच आवडतो. शहाणा शेजारी हसतो. म्हातारा म्हणतो, मुलं आहेत, नातवंडं होतील. डोंगर काही वाढणार नाही. शेवटी देवालाच दया येते आणि डोंगर हलतात. १९४५ साली माओंनी ही गोष्ट भाषणात सांगितली आणि ती चीनभर पसरली.

त्याच ताइहांगच्या परिसरात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत होते. काँग्रेसने १९३८ साली धाडलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच गेले, वय अवघं ३२.

आमच्या वसई तालुक्यात डोंगर हलवायला नातवंडांची वाट पाहावी लागत नाही. सुरुंग, पोकलेन, डंपर, की झाली खडी. संध्याकाळी गच्चीवरून जीवदानीकडे पाहतो, तेव्हा पायाखालच्या स्लॅबमध्ये कुठला ना कुठला डोंगर असतोच.