स्टॉक गाडी कशाला म्हणायचे?

पेठ वडगावात गॅरेजसमोर यामाहा आरएक्स १०० दिसली, की मुले थबकतात. १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेली ही मोटारसायकल. "सर, एकदम स्टॉक आहे, इंजिनाला हात लावलेला नाही," महाविद्यालयातील एक विद्यार्थी मला म्हणाला. सिलिंडर बोअर करून नवा दट्ट्या बसवल्याचेही त्यानेच सांगितले! मग गाडी स्टॉक, म्हणजे कारखान्यातून निघाली तशी, राहिली काय?

ड्रॅग शर्यतीत या प्रश्नावरून खरेच वाद होतात. उभ्या जागेवरून सुटून बंदिस्त सरळ पट्टीवर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, कापायचे. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या विमान-धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. बरोबरीच्या गाड्या एकत्र पळाव्यात म्हणून इंजिनाच्या घनफळावरून वर्ग पाडतात.

आता गणित करू. या इंजिनात सिलिंडरचा व्यास ५० मि.मी. आणि दट्ट्याची धावही ५० मि.मी.; घनफळ ९८.२ घ.सें.मी. झिजलेला सिलिंडर मिस्त्रीने कोरला आणि व्यास ५०.५ मि.मी. झाला, तर घनफळ १००.१ भरते. वर्गाची मर्यादा १०० असेल तर गाडी बाहेर! ही दुरुस्ती म्हणावी की फेरफार? नियमात सूट किती, हे आकड्यानेच लिहावे लागते.

पण या वाढीचा लाभ किती? इंजिनाची शक्ती स्थिर मानली आणि हवेचा रोध सोडला, तर ठरावीक अंतर कापण्याच्या वेळेचा घन हा वस्तुमान भागिले शक्ती या गुणोत्तराच्या प्रमाणात असतो. घनफळाबरोबर शक्ती २ टक्के वाढली असे धरले, तरी १८ सेकंदांतून जेमतेम ०.१२ सेकंद वाचतो. उलट गाडी व स्वार मिळून १६० किलो असतील आणि स्वार १० किलोंनी हलका घेतला, तर सुमारे ०.३८ सेकंद वाचतो. म्हणजे तिप्पट, तेही पान्याला हात न लावता!

१९५१ साली स्थापन झालेली अमेरिकेतील नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्टॉक वर्गात कारखान्याने जाहीर केलेली अश्वशक्तीही डोळे मिटून मानत नाही. ती स्वतःचा आकडा ठरवते, गाडीच्या वजनाला त्याने भागून वर्ग काढते आणि किमान वजनात चालकाचे १७० पौंड धरते. मला ही पद्धत अधिक न्याय्य वाटते.

घरच्या मोटारसायकलच्या माहितीपुस्तिकेत व्यास आणि धाव पाहा. व्यास अर्धा मि.मी. वाढवून घनफळ काढा. मग घरातील प्रत्येकाचे वजन घेऊन वरचे गणित पुन्हा करा.