कढत पाण्यावरचा आळ

सोलापुरात वैशाखाच्या उन्हाळ्यात बाळाच्या अंगावर घामोळे उठणे इतके नित्याचे आहे, की मानेच्या वा जांघेच्या घडीत उमटलेल्या लालीची कोणी प्रथम दखलच घेत नाही. परंतु तीच लाली दोन दिवसांत सर्वांगभर पसरावी, कुशीत घेताच मूल किंचाळावे आणि सैल फोड फुटून त्वचेचा पापुद्रा निघावा, असे घडले म्हणजे घरात एकच चौकशी सुरू होते : पाणी कढत होते काय? आळ येतो तो पायांवर घेऊन बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईवर, आणि तिच्यापाशी निर्दोषत्वाचा दाखला कुठला असणार!

वस्तुतः हे भाजणे नव्हेच. प्राग येथील अनाथ अर्भकालयात दहा वर्षांत आढळलेल्या २९७ बालकांचा वृत्तान्त रिटर फॉन रिटर्सहाइन या वैद्याने १८७८ साली प्रसिद्ध केला, तो याच व्याधीचा. या व्याधीत स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू नाकात, डोळ्याच्या चिपडात किंवा बेंबीच्या ओल्या देठाशी ठाण मांडतो आणि तेथून विष तेवढे रक्तावाटे रवाना करतो. म्हणूनच फोडातल्या पाण्यात बहुधा जंतू सापडत नाही. वाकळेचा वरचा पदर उसवावा तसे हे विष त्वचेच्या वरच्या थरातील पेशींना सांधणारे डेस्मोग्लीन-१ हे प्रथिन तोडते. प्रौढाची मूत्रपिंडे ते विष बाहेर टाकतात आणि त्याच्या रक्तात प्रतिद्रव्येही असतात. तान्ह्यापाशी दोन्ही अपुरी.

अंगावर फोड उठले म्हणून दारी कडुलिंबाचा डहाळा बांधण्यास माझी हरकत नाही, मात्र त्यापायी ‘सिव्हिल’ रुग्णालय गाठण्यास विलंब होऊ नये, आणि तूप-हळदीचा लेप तर मुळीच लावू नये. कारण उघड्या त्वचेतून पाणी झिरपते, अंग गार पडते आणि दुसरे जंतू आत शिरतात. शिरेतून क्लॉक्सासिलिनसारखे औषध वेळीच मिळाले, तर बहुतेक मुले दहा-चौदा दिवसांत बरी होतात, आणि जखम वरवरची असल्याने व्रणही राहत नाही.

डॉक्टर निरोगी दिसणारी त्वचा बोटाने हळूच चोळून ती सरकते का पाहतात, तोंडाचे अस्तर शाबूत आहे ना हे तपासतात आणि मग जंतू आला कोठून हे शोधण्यासाठी घरच्यांकडे वळतात. निरोगी माणसांपैकी सुमारे तिसऱ्या हिश्शाच्या नाकात हा जंतू निमूट वस्तीला असतो. या जंतूच्या थोड्याच वाणांना हे विष निर्माण करता येते, पण तसा जंतू न्हाऊ घालणारीच्या नाकात असू शकतो, तसाच तिच्यावर आळ घेणाऱ्या सासूबाईंच्याही.