तण मरतं, ऊस का मरत नाही?

कराडहून सांगलीला एसटीने निघालात की खिडकीतून ऊसच ऊस दिसतो. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरचा चेक त्याच उसावर येतो आणि कॉलेजची फीसुद्धा. तेव्हा हा सीन तुम्हाला नवा नाही. लागण झाली, पाणी दिलं, वाफसा आला की दोन-चार दिवसांत वडील नाहीतर काका पाठीवर पंप चढवतात. पंपात बऱ्याचदा ॲट्राझिन असतं. पुढे घोळ, माठ, गाजरगवत उगवल्या उगवल्या पिवळं पडून मरतं. त्याच सरीत, तेच औषध पिऊन ऊस मात्र मजेत वर येतो.

असं का? औषधाला तण कुठलं आणि ऊस कुठला हे कळतं का? नाही. औषधाला काहीच कळत नाही. ते दोघांच्याही मुळांतून आत शिरतं. फरक उसाच्या पेशीत आहे.

आधी तण कसं मरतं ते बघू. पानातल्या हरितद्रव्याने सूर्यप्रकाश पकडला की इलेक्ट्रॉनची एक साखळी सुरू होते. या साखळीत डी-१ नावाचं प्रथिन आहे आणि त्यात एक छोटा खिसा. प्लास्टोक्विनोन नावाचा रेणू या खिशात येतो, इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढे जातो. ॲट्राझिन नेमकं त्याच खिशात जाऊन बसतं. दुसऱ्याच्या रिझर्व्ह सीटवर कुणीतरी बसावं आणि उठूच नये, तसं. साखळी तुटते, पण ऊन तर पडतच राहतं. त्या ऊर्जेला वाट मिळत नाही, मग ती पेशीच जाळते.

प्रथिनाच्या खिशात असा नेमका बसणारा रेणू म्हणजे लिगँड. बायोकेमिस्ट्रीच्या पेपरात हा शब्द तुम्ही व्याख्येपुरता पाठ केला असेल. सरीत तो रोज काम करतो.

आता ऊस. मका, ज्वारी आणि ऊस ही एकाच गवत कुळातली भावंडं. यांच्या पेशीत ग्लुटाथायोन एस-ट्रान्स्फरेज, थोडक्यात जीएसटी, हे एन्झाइम भरपूर असतं. (करवाल्या जीएसटीशी याचा संबंध नाही!) ग्लुटाथायोन म्हणजे तीन अमिनो आम्लांची छोटी साखळी, मधल्या आम्लावर गंधकाचा अणू. एन्झाइम हा गंधक तयार ठेवतं. ॲट्राझिन आलं की त्याच्यावरचा क्लोरीन सुटतो आणि त्या जागी ग्लुटाथायोन चिकटतं. आता हा जाडजूड रेणू डी-१ च्या खिशात मावतच नाही. विष निकामी झालं. पुढे पेशी त्याला उचलून आपल्या अडगळीच्या खोलीत, म्हणजे रिक्तिकेत, टाकते. हे काम करणारं एन्झाइम मक्यातून वेगळं काढलं ते अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटामधल्या संशोधकांनी, १९७० मध्ये.

पण हे एन्झाइम दिसतं कसं? इथे तुम्ही सांगली-साताऱ्याचे असल्याचा फायदा आहे. साखर कारखान्यात पॅनमध्ये रस आटवून इतका घट्ट करतात की साखर विरघळलेली राहूच शकत नाही. मग बारीक बी टाकतात आणि त्याभोवती स्फटिक वाढतो. खडीसाखरेचंही तत्त्व तेच. प्रथिनाचा स्फटिकही असाच मिळतो. फक्त पॅनऐवजी मिलिमीटरभराचा थेंब असतो, त्यातलं पाणी हळूहळू कमी होऊ देतात आणि कधी कधी इथेही बी टाकावं लागतं. स्फटिक आला की त्यावर क्ष-किरण सोडायचे. ते ठरावीक दिशांना विखुरतात, ठिपक्यांची नक्षी उमटते आणि त्या नक्षीवरून गणिताने अणूंच्या जागा काढायच्या.

जर्मनीत म्युनिकजवळच्या मार्टिन्सरीडला मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट ह्यूबर यांच्या गटाने १९९७-९८ मध्ये मक्याच्या जीएसटीची रचना अशीच उलगडली. एका रचनेत तर ॲट्राझिनला ग्लुटाथायोन चिकटलेलं, तसंच्या तसं एन्झाइमच्या खिशात बसलेलं दिसलं. गंमत म्हणजे ह्यूबर यांना १९८८ चं नोबेल मिळालं ते जीवाणूंमध्ये प्रकाश पकडणाऱ्या प्रथिनसंचाच्या रचनेसाठी. डी-१ चा भाऊ त्याच संचात आहे. म्हणजे विष जिथे मारतं त्या जागेचा नमुना आणि ते जिथे मरतं ती जागा, दोन्ही एकाच माणसाच्या गटाने बघितल्या.

रचनेत काय दिसलं? एन्झाइमचे दोन सारखे भाग जोडीने राहतात. प्रत्येकात दोन शेजारी जागा. एक ग्लुटाथायोनची, अगदी मापात शिवलेली. दुसरी विषाची, जरा ऐसपैस. ही ऐसपैस जागा म्हणजेच युक्ती. कुठलं विष येईल हे झाडाला आधी कुठे माहीत असतं? म्हणून खिसा सैल ठेवलेला, वेगवेगळ्या आकाराचे पाहुणे मावतील असा. पण सैल म्हणजे कुणीही चालेल असं नाही. प्रत्येक झाडाच्या जीएसटीचा खिसा वेगळा, म्हणून एकाला जे पचतं ते दुसऱ्याला पचत नाही.

आणि इथेच तुमच्या घरचा पैसा अडकलाय. उसात आंतरपीक म्हणून सोयाबीन, भुईमूग किंवा हरभरा घेतलात आणि ‘उसाला चालतं ना’ म्हणून ॲट्राझिन मारलंत, तर ऊस राहील, आंतरपीक जाईल. ही पिकं गवत कुळातली नाहीत. ॲट्राझिन त्यांना उसासारखं निकामी करता येत नाही.

दुसरी गोष्ट, तणही गप्प बसत नाही. १९७० मध्येच अमेरिकेत याच गटातल्या औषधाला न जुमानणारं तण नोंदवलं गेलं. अशा तणांत पुढे दिसलं की डी-१ मधल्या २६४ व्या जागेवरचं सेरीन जाऊन तिथे ग्लायसीन आलंय. एक अमिनो आम्ल बदललं आणि औषधाची पकड सुटली. मेरीलँडमधल्या मक्याच्या शेतात आपल्या पेटारीच्या भाऊबंदातल्या एका तणाने तर वेगळीच वाट धरली. त्याने आपलं जीएसटीच वाढवलं, म्हणजे मक्याचीच कॉपी मारली! दरवर्षी एकच औषध मारत राहिलं की आपणच अशी तणं निवडत जातो.

तिसरी गोष्ट पाण्याची. भूजलात उतरतं म्हणून युरोपियन युनियनने २००४ मध्ये ॲट्राझिनची मान्यता काढून घेतली. आपल्याकडे मे २०२० मध्ये केंद्राने २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्या यादीतही ते होतं. उसाकडे एन्झाइम आहे, विहिरीकडे नाही.

जीएसटी तुमच्या यकृतातही आहे. पॅरासिटामॉलच्या गोळ्या प्रमाणाबाहेर गेल्या की यकृतातलं ग्लुटाथायोन संपतं आणि मग यकृत निकामी होऊ शकतं. साठा संपला की एन्झाइम तरी काय करणार?

आता एक काम करा. प्रोटीन डेटा बँक ही जगभरातल्या रचनांची तिजोरी १९७१ पासून सुरू आहे आणि सगळ्यांना फुकट आहे. मोबाइलवर उघडा आणि इंग्रजी अक्षरांत ‘१बीवायई’ हा कोड टाका. मक्याचं जीएसटी आणि त्यात अडकलेलं ॲट्राझिन बोटाने फिरवून बघा. मग घरी जाऊन पंप भरणाऱ्या माणसाला ते चित्र दाखवा आणि विचारा, ‘या सरीत यंदा आंतरपीक काय घ्यायचंय?’ हा प्रश्न फवारणीच्या आधी विचारला गेला, तर तुमच्या बी.एस्सी.चा घरच्या रानाला पहिला उपयोग झाला म्हणायचा.