जॉब कार्डावर न मावणारी टकटक

पुढच्या डाव्या चाकाकडून येणारी टकटक एटापल्ली-आलापल्ली रस्त्यावर स्पष्ट ऐकू येते आणि चंद्रपूरच्या गुळगुळीत रस्त्यावर गप्प बसते. दीडेकशे किलोमीटर गाडी हाकत आणून मालकाने सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला सांगायचे असते ते एवढेच: खड्ड्यात गेली की वाजते, तेही हळू असताना, आणि तासभर चालल्यावर. अ‍ॅडव्हायझरच्या टॅबवर तक्रारींचे पर्याय ठरलेले असतात. त्यातला ‘नॉइज, फ्रंट’ निवडला जातो, गाडीभोवती फिरून ओरखड्यांचे फोटो काढले जातात, ओडोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा टिपला जातो, सही होते. गाडी लिफ्टवर चढते. चाके अधांतरी लोंबकळली की सस्पेन्शनवरचा भार निघून जातो, आणि रस्त्यावर खेळणारा सांधा ताणाखाली घट्ट असल्यासारखा वागतो. मग ट्रायल: फाटकातून बाहेर, सरळ रस्त्याने एक फेरी, परत. कार्डावर शेरा पडतो, ‘तपासले, दोष आढळला नाही’. संध्याकाळी धुतलेली गाडी, ऑइल-फिल्टरचे बिल आणि जुनीच टकटक घेऊन मालक गोंडपिपरी, आष्टी करत जंगलात परततो.

या साऱ्यात कोणी खोटे बोललेले नाही, आणि मुद्दा नेमका इथेच सुरू होतो. सर्व्हिसिंगबद्दलचा राग बहुधा ‘लुटतात हो’ या दोन शब्दांत संपतो. लूट होतही असेल. पण उद्या साऱ्या वर्कशॉपांतली माणसे धर्मराज झाली तरी एटापल्लीच्या गाडीमालकाचा वैताग फारसा कमी होणार नाही, असे माझे म्हणणे आहे. कारण वॉरंटी, सुटे भाग आणि बिघाड ओळखण्याची माहिती या तिन्ही गोष्टी अधिकृत वर्कशॉपच्या एकाच दाराला बांधलेल्या आहेत, आणि ते दार कुठे असावे हे त्या भागात किती गाड्या खपतात यावर ठरते. एटापल्ली ज्यात येते तो गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याचा तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे आणि जुने रेल्वे स्टेशन एकच, पार उत्तरेच्या टोकाला वडशाला. काही कंपन्यांची दारे गडचिरोलीत असली तरी मोठे काम निघाले की चंद्रपूर, नाहीतर नागपूर. एटापल्लीत पूर्ण सोयींचे अधिकृत वर्कशॉप काढणे कोणालाच परवडणार नाही, हे कंपन्यांचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. तक्रार आहे ती पुढच्या पायरीची: जिथे दार काढणे परवडत नाही, तिथल्या माणसाला दाराशी बांधून तरी का ठेवता?

गाडीसोबत मिळणारे पुस्तक उघडले तर हे बांधून ठेवणे कसे चालते ते दिसते. पहिली सर्व्हिस हजार किलोमीटरला, पुढच्या ठरावीक महिन्यांनी किंवा किलोमीटरला, जे आधी होईल ते. त्याच पुस्तकात एक बारीक तक्ता असतो: धुळीचे, खडबडीत, चिखलाचे रस्ते असतील तर एअर फिल्टर, ऑइल आणि सस्पेन्शनची तपासणी लवकर करावी. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या खाणीतून लोहखनिज भरलेले ट्रक याच रस्त्यांनी धावले, आणि त्यांनी केलेले खड्डे व उडवलेली लाल धूळ गेली काही वर्षे आंदोलनांचा विषय आहे. म्हणजे इथली प्रत्येक गाडी त्या बारीक तक्त्यातली. कंपनीच्याच शब्दाला जागायचे तर मालकाने शहरातल्या माणसाहून अधिक वेळा वर्कशॉप गाठायला हवे. आणि गाठून मिळते काय? रबरी बुश, ब्रेकचे पॅड, क्लच प्लेट हे ‘झिजणारे भाग’ म्हणून वॉरंटीतून सर्रास वगळलेले किंवा थोड्या मुदतीपुरते धरलेले. जे इथे सगळ्यात आधी जाते तेच वॉरंटीबाहेर, आणि जे वॉरंटीत आहे ते राखण्यासाठी तीनशे किलोमीटरची येजा.

बुशचेच घ्या. लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा पोलादी हात. त्याच्या टोकाला लोखंडी नळीत दाबून बसवलेले जाड रबर असते, तो बुश. खड्ड्याचा हिसका तो स्वतः पिळवटून घेतो. रबराला आधी केसाएवढी चीर जाते, चिरेत धूळ शिरते, धूळ कानशीसारखी रबर खाते, आणि एक दिवस धातूला धातू लागून टकटक सुरू होते. आलापल्लीकडचा जाणता मिस्त्री गाडी लिफ्टवर घेत नाही, कारण बहुधा लिफ्ट नसतेच. तो खाली आडवा होतो, चाके जमिनीवरच ठेवून आर्मच्या सांध्यात पहार घालतो आणि हलकेच उचकटून पाहतो. भाराखाली सांधा किती खेळतो ते त्याच्या मनगटाला कळते. मग जुना बुश प्रेसवर दाबून काढायचा, नवा दाबून बसवायचा, काम काही शे रुपयांचे. पण अनेक गाड्यांसाठी कंपनीच्या यादीत सुटा बुश नसतोच. अख्खा आर्म घ्यायचा, तो काही हजारांचा, शिवाय ‘मागवावा लागेल’. वर्कशॉपची बाजू अशी की दाबून बसवलेल्या बुशची हमी कोण देणार, अख्खा आर्म बदलला की काम बिनचूक. त्यात तथ्य आहे. मात्र जिथे काही वर्षांतून एखादा आर्म खराब होतो तिथे हा हिशेब बसतो. जिथे प्रत्येक पावसाळ्यानंतर बुश जातो तिथे तो दंडासारखा वाटतो.

बुश निदान डोळ्यांना दिसतो. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला की मिस्त्रीचे मनगट कामाचे राहत नाही. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर खोचावा लागतो. साधा स्कॅनर आता छोट्या गॅरेजातही दिसतो आणि तो कोडही दाखवतो, समजा पी 2463, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर भरत आला. ही काजळी सुमारे 600 अंशांना जळते, आणि तेवढी उष्णता यायला गाडी पंधरा-वीस मिनिटे एका लयीत बऱ्या वेगाने चालावी लागते. पुस्तकात उपाय म्हणून तेच लिहिलेले असते. बाजार, तहसील, दवाखाना अशा फेऱ्यांत आणि खड्डे चुकवत जाण्यात ही लय आणायची कुठून? दुर्लक्ष केले की गाडी स्वतःची ताकद आवरून रांगू लागते. उभ्या गाडीत फिल्टर जाळून साफ करण्याचा हुकूम स्कॅनरमधून देता येतो, पण अनेक गाड्यांत त्यासाठी कंपनीचे सॉफ्टवेअर आणि कंपनीचा पासवर्ड लागतो. नव्या इंजेक्टरवर कोरलेला सुधारणा-आकडा संगणकाला कळवायचा असेल, नवी चावी ओळखवायची असेल, तरी पुष्कळदा तेच. गंमत अशी की चंद्रपूरला जाताना वाटेत नीट रस्ता लागला तर काजळी आपसूक जळून जाऊ शकते, आणि वर्कशॉपच्या दारात पोचेपर्यंत दिवा विझलेला असतो. पुन्हा ‘दोष आढळला नाही’.

कंपन्या म्हणतील, हे आमचे खूळ नाही, धुराचे नियम कडक झाले. खरे आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 आले आणि ते युरो-6 च्या धर्तीवर आहे. पण युरोपने युरो-5 आणि युरो-6 ज्या 2007 च्या नियमाने आणले, त्याच्या शीर्षकातच दोन गोष्टी जोडीने आहेत: वाहनांचा धूर, आणि दुरुस्ती-देखभालीची माहिती मिळण्याची सोय. कायदा करणाऱ्यांना कळत होते की धूर आवरायला संगणक बसवला की गल्लीतला मिस्त्री बाहेर फेकला जाईल, म्हणून त्याच कागदात त्याच्यासाठी दार ठेवले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी 2012 मध्ये मतदान करून असाच हक्क मिळवला. आपल्याकडे केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल काढले, त्यात मोटारींचाही विभाग आहे. पण पोर्टल म्हणजे हक्क नव्हे. धुराचा अर्धा नियम एटापल्लीपर्यंत पोचला, उरलेल्या अर्ध्याचा तिथल्या गॅरेजात पत्ता लागत नाही.

तरीही कायद्याच्या बाजूने हातात काहीच नाही, असे नाही. 2011 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे आलेल्या एका तक्रारीवरून चौकशी झाली आणि 25 ऑगस्ट 2014 रोजी आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून 2544.65 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात मिळू न देणे हा स्पर्धेचा भंग ठरला. बाहेरच्या गॅरेजात हात लागला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असेही बजावले गेले. पुढे अपिले झाली, दंडाचा वाद लांबला. पण त्या आदेशातला एक विचार इथे कामाचा आहे: बाहेरच्या चुकीच्या कामानेच बिघाड झाला असेल तर तेवढ्यापुरती वॉरंटी नाकारता येईल. ‘मिस्त्रीने गाडीची वाट लावली तर भरायचे कोणी?’ या आक्षेपाला याहून सरळ उत्तर सुचत नाही. बाहेर ऑइल बदलले म्हणून दरवाजाच्या काचेची मोटर वॉरंटीत बसत नाही, असे कोणी म्हणाले तर त्याने दोहोंचा संबंध दाखवावा.

उरतो तो आक्षेप अधिक टोकदार आहे, आणि त्यात गॅरेजवाल्यांची भीड ठेवण्याचे कारण नाही. छोट्या गॅरेजात बिल मिळत नाही. डब्यातले ऑइल कोणत्या ग्रेडचे ते कोणी पाहत नाही, खोक्यावर कंपनीचे नाव आणि आत भलताच फिल्टर असेही होते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे, आणि ती गल्लीतल्या गॅरेजलाही तितकीच लागू आहे. तारीख, किलोमीटर, ऑइलची ग्रेड, भागाचा क्रमांक एवढे लिहून घेतले नाही तर ‘बाहेर नीट सर्व्हिस झाली’ हे सिद्ध कशाने करायचे? मालकही यात साळसूद नाही. जीएसटी वाचवायला बिल नको म्हणणारा बहुधा तोच असतो. पण अस्सल भागांची टंचाई हेच नकली भागांचे खत आहे. अस्सल फिल्टर आलापल्लीच्या दुकानात सहज मिळाला तर नकली घेण्याचे निम्मे कारण संपते.

कागदाचे महत्त्व ग्राहक आयोगाच्या दारातही कळते. नव्या कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे एटापल्लीकराला कंपनीच्या गावी जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण उत्पादनातला दोष सिद्ध करावा लागतो, आणि तो सिद्ध झाला तरी गाडी बदलून मिळेलच असे नाही. वॉरंटी भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल तर तेवढेच, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये एका मोटारीच्या प्रकरणात म्हटले. 2021 मध्ये गोव्यातले प्रकरण गाजले: 2009 ची गाडी 2011 मध्ये नवी म्हणून विकली गेली. न्यायालयाने डीलरच्या करणीचे खापर पुराव्याविना निर्मात्यावर फोडता येणार नाही, असे ठरवले, कारण दोघांतला व्यवहार स्वतंत्र धन्यांचा. शोरूममध्ये कंपनीच्या नावाखाली, कंपनीच्या गणवेशात जे एक दिसते, ते भांडणात दोन होते. अशा वेळी तीन फेऱ्यांच्या तीन जॉब कार्डांवर ‘दोष आढळला नाही’ असेल तर तो शेरा मालकाच्याच विरुद्ध उभा राहतो. म्हणून तक्रार स्वतःच्या शब्दांत, मराठीत, पूर्ण वाक्यात कार्डावर लिहवून घ्यावी, आणि ट्रायल घेताना शेजारी बसावे. पर्यायांच्या यादीत ‘खड्ड्यात हळू असताना’ हा पर्याय नसतो.

कंपन्या आता फिरत्या सर्व्हिस व्हॅन पाठवतात. ऑइल-फिल्टरपुरते ते चांगले आहे, पण पावसाळ्यात नदीनाले रस्त्यावर आले की व्हॅनही तिकडेच अडकते. विमाही इथे पुरा पडत नाही. मोटार विम्याच्या जुन्या प्रमाणित अटींत अपघातानंतर गाडी जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणी नेण्यासाठी 1500 रुपयांची मर्यादा आहे, आणि नुसता यांत्रिक बिघाड मूळ पॉलिसीत येतच नाही. जवळचे ठिकाण दीडशे किलोमीटरवर असेल, असे त्या अटी लिहिणाऱ्याच्या मनात आले नसावे.

याच जंगलात दुसऱ्या पद्धतीने चाललेले एक उदाहरण मात्र रोज रस्त्यावर दिसते, ते लाल एसटीचे. अहेरीचे आगार रोजची देखभाल करते, त्याहून मोठे काम विभागाच्या कार्यशाळेत जाते, आणि इंजिन-बॉडीची थोरली कामे दापोडी, चिकलठाणा, हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत होतात. एसटीच्या गाड्यांच्या अवस्थेवर बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण तत्त्व शहाणपणाचे आहे: कामाच्या वजनाप्रमाणे जागा ठरते. बुश बदलायला बस हिंगण्याला जात नाही. खासगी मोटारीच्या मालकाला एवढेच हवे आहे. ऑइल, फिल्टर, ब्रेक, बुश इथे, आणि इंजिन उघडण्याची वेळ आली तर खुशाल चंद्रपूर.

तोवर लोकांनी आपला मार्ग काढलेलाच आहे. ज्या जीपगाड्यांचे पोट कोणताही मिस्त्री उघडू शकतो, ज्यांचे भाग आलापल्लीत टांगलेले मिळतात, त्या जुन्या गाड्या जपायच्या. नवीन घ्यावी तर तिच्यातही संगणक आणि सेन्सर आलेच. पंधरा वर्षे झालेल्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी एप्रिल 2022 पासून 600 वरून 5000 रुपये झाली. एमएच 33 ची, म्हणजे गडचिरोलीच्या नोंदणीची जुनी गाडी बाळगणारा हिशेब घालतो: पाच वर्षांतून एकदा 5000, की दर दिव्याला एक चंद्रपूर? आणि तो पैसे मोजायला लागतो.