बालपणाचे साक्षीदार : प्रौढ वयातील स्वमग्नता व एडीएचडी तपासणी आणि घरातील ज्येष्ठ

भावकीतल्या माणसांना आपण विशेषणे चिकटवलेली असतात. कोणी ‘धांदरट’, कोणी ‘घुम्या’, कोणी ‘तंद्रीतला’, तर कोणी ‘माणूसघाणा’. अशा एखाद्याचे वय आज चाळीस-पंचेचाळीस असेल. बुद्धी तल्लख असूनही त्याची एकही नोकरी फार टिकली नसेल. पैसे हाताशी असताना विजेच्या बिलाची मुदत दरवेळी उलटत असेल. लग्नाच्या मांडवात वाजंत्री सुरू झाली की तो मागच्या दाराने बाहेर जाऊन बसत असेल. आणि आता तोच आपल्याला म्हणतो, ‘मला एकदा तपासून घ्यायचे आहे.’ पुष्कळदा हा विचार घरातील नातवाचे निदान झाल्यावर सुचतो, कारण स्वमग्नता आणि एडीएचडी या दोन्ही अवस्थांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

त्यावर आपला पहिला उद्गार असतो, ‘आता या वयात कशाला?’ कर्जत-खालापूर परिसरातील ज्येष्ठ वाचकांना आणि घरोघरच्या काळजीवाहकांना या लेखातून एकच गोष्ट सांगायची आहे. या तपासणीत सर्वांत मोलाचा पुरावा डॉक्टरांजवळ नसतो, तो आपल्या आठवणीत असतो.

तेव्हा का कळले नाही?

लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने १९४३ मध्ये अमेरिकेत अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेची ओळख वैद्यकविश्वाला करून दिली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अॅस्परगर यांनी तसाच अभ्यास प्रसिद्ध केला. तरीही अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान मिळण्यास १९८० साल उजाडले. एकाच व्यक्तीला स्वमग्नता आणि एडीएचडी ही दोन्ही निदाने एकत्र देण्याची मुभा तर त्या पुस्तिकेने २०१३ मध्ये दिली. ऐंशीच्या दशकात रायगडच्या आतल्या भागात वाढलेल्या मुलाचे निदान कोणी केले नाही, यात म्हणूनच नवल नाही. मुलगी असेल तर ‘लाजाळू आहे’ एवढ्यावर विषय संपत असे. अभ्यासात हुशार असलेल्या मुलाकडे तर कोणी त्या दृष्टीने पाहतही नसे.

काही आयांच्या मनात एक जुनी बोचणी असते : ‘माझेच काही चुकले का?’ विसाव्या शतकाच्या मध्यास आईच्या कोरड्या वागण्यामुळे मूल स्वमग्न होते, असे मानणारे तज्ज्ञ होते. ते मत पुढे पूर्णपणे मोडीत निघाले. या अवस्था मेंदूच्या जडणघडणीतून येतात. आपल्या लाडाने वा धाकाने त्या निर्माण झालेल्या नाहीत.

तपासणीत काय होते?

रक्ताच्या चाचणीत किंवा मेंदूच्या स्कॅनमध्ये स्वमग्नता वा एडीएचडी दिसत नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट एक वा अधिक बैठकांत सविस्तर बोलतात, प्रश्नावल्या भरून घेतात आणि गरजेनुसार चाचण्या करतात. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठी अठरा प्रश्नांची एडीएचडी प्रश्नावली प्रचलित आहे. स्वमग्नतेसाठी आपल्या देशात चाळीस मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी वापरली जाते. मोबाइलवर अशी एखादी प्रश्नावली सोडवून आलेला आकडा मात्र निदान नव्हे. तज्ज्ञांकडे जावे की नाही, एवढेच तो सुचवतो.

चिंताविकार, नैराश्य, थायरॉइडचे बिघाड, अपुरी झोप यांमुळेही लक्ष उडते आणि माणसे टाळावीशी वाटतात. म्हणून तज्ज्ञ एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात : ‘हे केव्हापासून?’ एडीएचडीच्या निदानासाठी काही लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात, तीही घर आणि शाळा यांसारख्या किमान दोन ठिकाणी. स्वमग्नतेच्या खुणा तर त्याहून लहान वयातल्या शोधाव्या लागतात. चाळिशीतला माणूस आपल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाबद्दल काय सांगणार? ते आपण सांगायचे असते.

आठवणी कशा लिहून ठेवाव्यात?

आपले वय सत्तर-पंचाहत्तर असेल, तर हे काम पुढे ढकलू नये. डॉक्टरांसमोर बसल्यावर ऐनवेळी काही सुचत नाही. घरी निवांतपणे वहीत लिहावे किंवा नातवंडांकडून लिहून घ्यावे.

साल आठवत नसेल तर परिसरातील मोठ्या घटनांचा आधार घ्यावा. शेजारच्या सुधागडातील जांभूळपाड्याचा महापूर जुलै १९८९ चा. ज्याचा जन्म १९८३ चा, तो तेव्हा सहा वर्षांचा होता. तो शाळेत रुळला होता की रोज रडत होता? २६ जुलै २००५ ची अतिवृष्टी अनेकांना आठवते. १९९५ मध्ये जन्मलेली मुलगी त्या दिवशी दहा वर्षांची होती. घरातली सगळी घडी विस्कटल्यावर ती कशी वागली?

पुढील प्रश्नांची उत्तरे लिहावीत :

• मूल बोलू केव्हा लागले? बोट दाखवून वस्तू मागत असे का? हाक मारल्यावर वळून पाहत असे का?
• इतर मुलांत मिसळत असे, की एकटेच वस्तू ओळीने मांडत बसे?
• फटाके, ढोल-ताशा, गणपतीतील गर्दी, कपड्याचा खरखरीतपणा, ठराविक भाज्या यांचा असह्य त्रास होई का?
• दप्तर, छत्री, चप्पल हरवणे नेहमीचे होते का? जागेवर बसवत नसे का? ‘डोके आहे, पण लक्ष नाही’ असा निरोप गुरुजींकडून येई का?
• जन्मावेळी अडचण, फिट, डोक्याला मार, मोठा आजार असे काही घडले होते का?

सोबत शाळा सोडल्याचा दाखला, जुनी प्रगतिपुस्तके, शिक्षकांचे शेरे आणि छायाचित्रे काढून ठेवावीत. एक पथ्य मात्र पाळावे. निदान जुळावे म्हणून आठवणी रंगवू नयेत आणि घराण्याचे नाव जपण्यासाठी लपवूही नयेत. जे विरुद्ध जाते, तेही लिहावे. आई हयात नसेल तर थोरली बहीण, आत्या, मामा किंवा जुने शेजारी हे काम करू शकतात. कोणीच नसेल तरी तपासणी होते, पण ती अधिक कठीण जाते.

जावे कोठे?

मानसिक आरोग्याच्या नकाशावर कर्जतचे नाव ठळक आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवणाऱ्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचे केंद्र येथे असून, संस्थेचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या संस्थेचे कार्य मात्र निराधार मनोरुग्णांसाठी आहे. आपल्या माणसाची गरज वेगळी आहे, म्हणून वाटही वेगळी धरावी लागते.

पहिली पायरी म्हणून केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. ही सेवा विनामूल्य आहे आणि मराठीतून बोलता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी अलिबागच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात करता येईल. मात्र कर्जत व खोपोलीच्या लोकांना लोकलचा प्रवास अधिक सोयीचा वाटेल. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय, शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि परळचे केईएम रुग्णालय ही तिन्ही सार्वजनिक ठिकाणे मध्य रेल्वेच्याच मार्गालगत आहेत. निघण्यापूर्वी फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात : प्रौढांची स्वमग्नता वा एडीएचडी तपासणी येथे होते का, आणि कोणत्या वारी? मानसशास्त्रीय चाचण्यांसाठी वेगळी तारीख मिळण्याची शक्यता धरून चालावे. खासगी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जायचे असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे निःसंकोच विचारावे.

नेण्यापूर्वी त्या व्यक्तीची संमती घ्यावी. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा प्रौढ व्यक्ती स्वतःचे निर्णय घेण्यास सक्षम आहे, असे गृहीत धरतो. घरानेही तेच गृहीत धरावे. डॉक्टरांच्या खोलीत जुन्या तक्रारींचा पाढा वाचू नये. विचारले तेवढेच सांगावे आणि त्यांना एकट्याने बोलू द्यावे.

निदानानंतर

एडीएचडीवर मेथिलफेनिडेट, अॅटोमॉक्सेटिन यांसारखी औषधे आहेत. ती मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. त्यांनी रक्तदाब व हृदयाची गती वाढू शकते, म्हणून हृदयविकार किंवा काचबिंदू असल्यास ते आधी सांगावे. समुपदेशन, भिंतीवरचे वेळापत्रक, मोबाइलमधील गजर यांचाही आधार होतो. स्वमग्नता औषधाने ‘जात’ नाही. तसे आश्वासन देणाऱ्यांपासून दूर राहावे. मदत करायची ती सोबतची चिंता, झोप, कामाची जागा आणि घरातील वागणूक यांबाबत.

कॅनर यांच्या १९४३ च्या लेखातील पहिला मुलगा, डोनाल्ड ट्रिपलेट, १९३३ मध्ये मिसिसिपी राज्यातील एका लहानशा गावात जन्मला. त्याच गावातील बँकेत त्याने आयुष्यभर काम केले, गाडी चालवली, गोल्फ खेळला, देशोदेशी प्रवास केला आणि २०२३ मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी त्याचे निधन झाले. कुटुंबाची सधनता त्याच्या कामी आली, तसेच त्याला त्याच्या लकबींसह सामावून घेणारे गावही.

‘आमच्यामागे याचे कसे होणार?’ ही चिंता ज्यांना रात्री झोपू देत नाही, त्यांनी कायद्याची माहिती करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र व ओळखपत्रासाठी अर्ज करता येतो. एडीएचडी मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. ज्या प्रौढ स्वमग्न व्यक्तीला खरोखरच पालकाची गरज आहे, तिच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमू शकते. बहुतेकांना त्याची गरज पडत नाही. त्यांना हवा असतो तो घरातला समजूतदारपणा.

जाता जाता ज्येष्ठांनी स्वतःविषयीही एक भेद ध्यानात घ्यावा. आयुष्यभर असलेला विसराळूपणा निराळा आणि साठीनंतर नव्याने सुरू झालेला विसर निराळा. नेहमीची वाट चुकणे, तोच प्रश्न पुन्हा विचारणे, हिशेब न जमणे हे अलीकडचे असेल तर त्याला एडीएचडी म्हणून सोडून देऊ नये. बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, श्रवणशक्ती, नैराश्य आणि स्मृतिभ्रंश यांची तपासणी लवकर करून घ्यावी.

तशी काही शंका असेल, तर मुलाच्या बालपणाची वही आधी लिहायला घ्यावी. पहिल्या पानावर त्याचे नाव, जन्मतारीख आणि पहिल्या शाळेचे नाव लिहावे. मग त्यालाच शेजारी बसवून विचारावे की त्याला स्वतःला लहानपणीचे काय आठवते. जे त्याने आजवर कोणाला सांगितले नाही, तेही कदाचित त्याच पानावर उतरेल.