सातबाऱ्यावर नाव कधी लागणार?

दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून माणसं बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीला निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांनी राबून फेडायची. हंगाम सरेपर्यंत फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर चढते.

यातल्या बऱ्याच घरांना जमीन आहे, पण ती कोरडवाहू आणि भावाभावांत वाटून तुकडे झालेली. राज्यात सरासरी वहितीधारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती; २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. ज्यांच्या वाट्याला वडिलोपार्जित गुंठाही आला नाही, त्या दलित आणि भटक्या कुटुंबांनी गायरानाची, म्हणजे गावच्या सरकारी चराऊ जमिनीची, वाट धरली.

त्यामागे मोठा लढा आहे. दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. पुढे बीडमध्ये एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने मराठवाडाभर गायरानाचा प्रश्न लावून धरला. गायरान कसायचं म्हणजे आधी माळरानावरचे दगड वेचायचे, बांध घालायचे, मग बाजरी-तूर पेरायची. वर्षाचं धान्य घरात आलं, की सालगडी म्हणून राबण्याची किंवा मोठी उचल घेण्याची गरज कमी होते. मुलांची शाळाही मध्येच सुटत नाही.

अडचण कागदाची आहे. सातबाऱ्यावर मालक म्हणून सरकार. कसणाऱ्याचं नाव लागलंच तर गाव नमुना १-ई मध्ये, अतिक्रमणदार म्हणून. सातबारा नावावर नसला की बँक पीककर्ज देत नाही, पीएम-किसानचे सहा हजारही मिळत नाहीत. बियाणं-खतासाठी सावकार किंवा पुन्हा मुकादम गाठावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळूनही कुटुंब वर सरकत नाही, ते इथं.

१४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. काहींच्या नावावर जमीन झाली, पण पंचनामा आणि जुने पुरावे यांत अनेकांचे दावे अडकले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणं हटवायला सांगितलं. मात्र शासनाच्या निर्णयानुसार भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींसाठी अपवादही ठेवला. या अपवादाचा आधार घेऊन १९९१ च्या निर्णयातले रखडलेले दावे महसूल खात्याने गावोगाव शिबिरं भरवून निकाली काढावेत आणि नोंद करताना नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावावं. उचल दोघांच्या अंगावर असते, तशी जमीनही दोघांच्या नावावर हवी.